एकच पुंगळी, पुन्हा पुन्हा : अचूक काडतुसांच्या अभ्यासाची प्रस्तावना

एकोणिसाव्या शतकात अमेरिकेत स्थायिक झालेल्या जर्मन लोकांनी आपल्याबरोबर नेमबाजीचे मेळेही नेले. त्यांना शुत्सेन म्हणत. सुट्टीचा दिवस, वाद्यांचा ताफा, बिअर, आणि २०० यार्डांवरच्या लक्ष्यावर उभ्याने धरलेला नेम. या मेळ्यांतले कसलेले नेमबाज काडतुसांचे डबे घेऊन येत नसत. पुष्कळांजवळ एकच पितळी पुंगळी असे. शिशाची गोळी आधी नळीत वेगळी बसवायची. हॅरी पोप या नामांकित कारागिराच्या काही रायफलींत तर ती तोंडाकडूनच आत उतरवली जाई. मग पुंगळीत नवा प्राइमर, म्हणजे दारू पेटवणारी टोपी, वरून मोजून दारू, आणि ती मागच्या बाजूने चेंबरमध्ये. बार झाला की तीच पुंगळी बाहेर काढून जुना प्राइमर ठोकून काढायचा, नवा बसवायचा, दारू भरायची. दिवसभर हेच. १९०१ साली कोलोरॅडोतल्या बोल्डर गावी सी. डब्ल्यू. रोलंड या गृहस्थांनी पोपने घडवलेल्या नळीतून, रायफल टेकणीवर ठेवून, २०० यार्डांवर दहा गोळ्या झाडल्या. सर्वांत दूरच्या दोन छिद्रांच्या केंद्रांमधले अंतर ०.७२५ इंच भरले. शिशाच्या गोळीने आणि त्या काळच्या दुर्बिणीने साधलेला हा ग्रुप आजच्या बहुतेक कारखानी रायफलींना कारखानी काडतुसांनी जमणार नाही.

या अभ्यासातला मूळ प्रश्न शुत्सेन नेमबाजांनी एका झटक्यात निकालात काढला होता. दोन पुंगळ्या कधीच सारख्या नसतात. तेव्हा दुसरी वापरायचीच नाही. आजच्या नेमबाजाला ही चैन परवडत नाही. त्याची गोळी पुंगळीच्या मानेत घट्ट बसलेली असते, स्पर्धेत वेळ मर्यादित असतो, वारा क्षणोक्षणी बदलतो, आणि अनुकूल झुळूक आहे तोवर पाच गोळ्या भराभर सोडाव्या लागतात. त्याला पन्नास पुंगळ्या लागतात आणि त्या पन्नासांनी एकीसारखे वागावे लागते. ते कसे साधायचे, किती साधायचे आणि कुठे थांबायचे, एवढाच या पुस्तकाचा विषय. तिसरा प्रश्न बहुतेक पुस्तकांत सापडत नाही. मला तो पहिल्या दोहोंइतकाच महत्त्वाचा वाटतो.

काडतुसाचे घटक चार : गोळी, दारू, प्राइमर आणि पुंगळी. पहिले तीन एका बारात संपतात. त्यांच्या बाबतीत भरणाऱ्याच्या हाती निवड असते. चांगल्या कारखान्याचा माल घ्यावा, एकाच लॉटचा घ्यावा, कोरडा ठेवावा. पुंगळी मात्र परत येते. दहा वेळा, वीस वेळा, नीट जपली तर त्याहून अधिक. प्रत्येक बारात ती फुगते, आकसते, मग साच्यात दाबली जाते, लांबीला वाढते, कापली जाते, कडक होत जाते. चौथ्या बाराची पुंगळी आणि अकराव्या बाराची पुंगळी यांच्यावर शिक्का एकाच कारखान्याचा असला तरी धातू म्हणून त्या वेगळ्या वस्तू असतात. म्हणून पुंगळीच्या तयारीचा अभ्यास हा मापांचा जितका, तितकाच तिच्या पूर्वायुष्याचा अभ्यास आहे.

पुंगळी परत वापरता येणे हेही इतिहासातल्या एका योगायोगावर अवलंबून आहे. १८६६च्या सुमारास प्राइमरच्या दोन रचना पुढे आल्या. अमेरिकन कर्नल हायरम बर्डन यांच्या रचनेत प्राइमर ज्याच्यावर आपटतो ती ऐरण पुंगळीतच कोरलेली असते आणि ठिणगी आत जायला बाजूला दोन बारीक छिद्रे असतात. वुलिचच्या शाही प्रयोगशाळेचे प्रमुख एडवर्ड बॉक्सर यांच्या रचनेत ऐरण प्राइमरच्याच पोटात असते आणि पुंगळीच्या बुडात मधोमध एकच छिद्र. मधल्या छिद्रातून एक सरळ सळई घातली की वापरलेला प्राइमर बाहेर पडतो. गंमत अशी की इंग्रज माणसाची रचना अमेरिकेत रुजली आणि अमेरिकन माणसाची युरोपात. घरच्या टेबलावर काडतुसे भरण्याचा छंद अमेरिकेत एवढा फोफावला याची कारणे अनेक असली, तरी ते मधले छिद्र त्यांतले एक आहे यात मला शंका नाही. मध्यंतरी या छंदाला एक ग्रहणही लागले होते. जुन्या प्राइमरांत पाऱ्याचे फल्मिनेट असे. काळ्या दारूच्या भरपूर काजळीत तो पारा विरून जाई. १८९०च्या दशकात धूररहित दारू आली, काजळी गेली, आणि पारा थेट पितळेत मुरू लागला. वरून धडधाकट दिसणारी पुंगळी आतून ठिसूळ होई आणि पुढच्या बाराला फाटे. पारारहित प्राइमर आल्यावरच पुंगळीचे दीर्घायुष्य पुन्हा शक्य झाले.

आता धातूकडे वळू. इथे जरा रेंगाळणार आहे, कारण नवशिक्या वाचक नेमका हाच भाग उलटून जातो. काडतुसाचे पितळ म्हणजे ७० टक्के तांबे आणि ३० टक्के जस्त. हे प्रमाण निवडण्याचे कारण म्हणजे या मिश्रणाची ओढली जाण्याची क्षमता. पितळेच्या जाड चकतीची आधी वाटी करतात, मग ती ठोशाने साच्यातून टप्प्याटप्प्याने ओढत लांब नळकांडे करतात. प्रत्येक ओढीला धातू कडक होतो, आणि पुढची ओढ सहन व्हावी म्हणून त्याला मध्ये मध्ये तापवून मऊ करावे लागते. पुण्याच्या तांबट आळीत ज्याने घडणीचे काम पाहिले असेल त्याला हे नव्याने सांगायला नको. तिथले कारागीर ठोकून ठोकून भांडे ताठरले की ते भट्टीत लाल करून परत ऐरणीवर घेतात, आणि शेवटचे मठारकाम मात्र मुद्दाम थंड भांड्यावर करतात, कारण त्याच ठोक्यांनी भांड्याला मजबुती यायची असते. पुंगळीतही हेच दोन्ही गुण एकत्र हवे असतात, पण वेगवेगळ्या जागी. बूड कडक हवे. आधुनिक रायफलीत चौरस इंचाला साठ हजार पौंडांच्या घरातला दाब त्याला झेलायचा असतो. मान आणि खांदा मऊ हवेत. त्यांना बार होताच फुगून चेंबरला चिकटायचे असते आणि वायू मागे येऊ द्यायचा नसतो. चांगल्या कारखान्याच्या नव्या पुंगळीच्या मानेवर दिसणारी निळसर-सोनेरी झाक ही त्या शेवटच्या तापवण्याची खूण. ग्राहकाला ती डाग वाटते म्हणून काही कारखाने पुसून टाकतात. फिनलंडच्या लापुआसारखे कारखाने ती तशीच ठेवतात.

मान मऊ का हवी याचा एक धडा आपल्या पावसाळ्याने जगाला दिला आहे. ब्रिटिश अमदानीत हिंदुस्थानातल्या फौजांच्या लक्षात आले, की पावसाळ्यात हालचाली थंडावल्यावर घोड्यांच्या पागांत ठेवून दिलेली काडतुसे उघडीप झाल्यावर बाहेर काढली, तर त्यांतल्या पुष्कळ पुंगळ्यांना भेगा पडलेल्या असतात. कुणी हात लावलेला नसताना पडलेल्या भेगा. या प्रकाराला ऋतूवरूनच नाव पडले. उलगडा व्हायला १९२१ साल उजाडले. मूर, बेकिन्सेल आणि मॅलिन्सन या संशोधकांनी दाखवले, की थंड घडणीत पितळेत कोंडून राहिलेला ताण, पागेतल्या घोड्यांच्या मूत्रातून सुटणारा अमोनिया आणि दमट हवा या तिघांची युती झाली की धातूच्या कणांमधल्या सीमारेषांवरून भेग सरकत जाते. ताण घालवला की अमोनिया एकट्याने फारसे काही करू शकत नाही. पुंगळीला शेवटी सौम्य तापवून तो ताण काढणे हा त्यावरचा इलाज. धातुशास्त्राच्या वर्गात हे उदाहरण अजून शिकवतात. काडतुसे भरणाऱ्याने त्यातून दोन गोष्टी उचलाव्यात. एक, पितळ चमकवण्याच्या बाजारी पॉलिशांपैकी काहींत अमोनिया असतो. ती देव्हाऱ्यातल्या समईला चालतील, पुंगळीला चालणार नाहीत. सौम्य सायट्रिक आम्लाचे पाणी चालते, म्हणजे लिंबू लावून भांडे घासण्याचाच प्रकार. दोन, पितळ स्वस्थ पडलेले असतानाही त्याच्या आत काही ना काही शिल्लक असते.

बार होतो तेव्हा पुंगळीवर काय गुदरते ते क्रमाने पाहू. प्राइमरच्या आघाताने ती किंचित पुढे सरकते. दाब वाढताच भिंती फुगून चेंबरला घट्ट धरतात. बूड मात्र मागे, बोल्टच्या तोंडाकडे ढकलले जाते. भिंती धरलेल्या आणि बूड मागे जाणारे, म्हणजे ताण कुठे येणार? बुडाच्या जरा वर, जिथे जाड बूड संपून पातळ भिंत सुरू होते तिथे. दाब ओसरला की पितळ थोडे आकसते आणि पुंगळी मोकळी होते. हा सगळा खेळ एक-दोन सहस्रांश सेकंदांचा.

पुढच्या वेळी ती पुंगळी चेंबरमध्ये जावी म्हणून तिला डायमध्ये, म्हणजे साच्यात, दाबतात. तो खांदा किती मागे ढकलायचा? पूर्वी डाय खाली टेकेपर्यंत दाबायची पद्धत होती आणि अनेक जुन्या पत्रकांत अजून तीच छापलेली असते. खांदा गरजेपेक्षा मागे गेला की दर बाराला पुंगळी तेवढीच पुढे ताणली जाते, आणि वर सांगितलेल्या जागी भिंत झिजत जाऊन शेवटी बूड आणि धड वेगळे होतात. तो प्रसंग डोळ्यांवर बेतू शकतो. आजचा जाणकार खांदा एक ते दोन सहस्रांश इंच, म्हणजे ०.०२५ ते ०.०५ मिलिमीटर इतकाच मागे घेतो, आणि तेही स्वतःच्या रायफलीत उडालेल्या पुंगळीशी ताडून. याच्यासाठी लागणारा मापक फार महाग नाही. मला विचाराल तर नवशिक्याने पहिले पैसे त्यावर घालावेत. चकचकीत प्रेस नंतर घेता येते. आणि प्रत्येक पुंगळीच्या आतून टोक वाकवलेली बारीक तार फिरवून पाहण्याची सवय लावावी. बुडाजवळ खाच लागली की ती पुंगळी भंगारात.

मानेचा विचार यापेक्षा नाजूक आहे. गोळीला मान किती घट्ट धरते यावर गोळी केव्हा सुटते आणि सुरुवातीचा दाब कसा चढतो हे ठरते. मानेची पकड तीन गोष्टींनी ठरते : आतला व्यास, भिंतीची जाडी आणि पितळेचा कडकपणा. पहिल्या दोन मायक्रोमीटरवर दिसतात. तिसरी दिसत नाही. पाच-सहा बारांनंतर मान इतकी ताठरते की डायमधून बाहेर येताच ती पुन्हा थोडी उसळते, आणि एकाच डायमधून निघालेल्या दोन पुंगळ्यांची पकड वेगळी भरते. म्हणून मान तापवून पुन्हा मऊ करण्याची, अनीलिंगची, प्रथा आली. ज्योतीवर फिरवून करणारे आहेत, इंडक्शन यंत्रे वापरणारे आहेत. नियम एकच आणि त्याला अपवाद नाही : उष्णता बुडापर्यंत पोहोचता कामा नये. मऊ झालेले बूड पुन्हा कडक करण्याचा घरगुती उपाय नाही.

लांबी कापणे, कापलेल्या कडेची धार मोडणे, प्राइमरची खोबण साफ करणे, बुडातल्या छिद्राच्या आतल्या बाजूला ठोशाने राहिलेली कोर काढणे ही कामे प्रकरणांत सविस्तर आली आहेत. त्यांतले लांबीचे काम अचूकतेपेक्षा सुरक्षिततेचे आहे. वाढलेली मान चेंबरच्या टोकाला चेपली गेली तर गोळी मोकळी सुटत नाही आणि दाब धोक्याच्या पातळीपर्यंत चढतो. बाकीची बहुतेक एकदाच करायची असतात.

वजनाचा मुद्दा मात्र इथेच घेतो, कारण या क्षेत्रात समज आणि गैरसमज किती शेजारी शेजारी राहतात हे त्यात दिसते. पुंगळ्या वजनाने वेगळ्या काढण्याची प्रथा जुनी आहे. माप ग्रेनमध्ये होते. एक ग्रेन म्हणजे ०.०६४८ ग्रॅम. आपल्या सोनारांची गुंज जवळपास दोन ग्रेनांची. तर्क असा, की जड पुंगळीत पितळ जास्त, म्हणून आत जागा कमी, म्हणून तेवढ्याच दारूला दाब जास्त. तर्क बरोबर आहे, पण किती? पितळेची घनता पाण्याच्या सुमारे साडेआठपट. म्हणजे एक ग्रेन पितळ जास्त असेल तर आतली जागा फार तर ०.१२ ग्रेन पाण्याइतकी घटेल. तीही ते पितळ आतल्या बाजूला असेल तर. बुडाच्या कडेला पुंगळी ओढून काढण्यासाठी जी खाच असते तिच्या कटाईत थोडा फरक पडला तरी वजन बदलते, आतली जागा मात्र तसूभरही बदलत नाही. तेव्हा वजन हे आतल्या जागेचे अप्रत्यक्ष आणि बरेच दूषित माप आहे. उडालेल्या पुंगळीत जुना प्राइमर तसाच ठेवून काठोकाठ पाणी भरायचे आणि वजनातला फरक पाहायचा, हे थेट माप. कंटाळवाणे आहे, म्हणून कुणी करत नाही. पण ज्याने वीस पुंगळ्यांवर एकदा ते केले आणि शेजारी कोरडी वजने मांडली, त्याला पुढे बाकीच्या दोनशे तोलायच्या की नाहीत हे स्वतःच ठरवता येते.

याहून मोठा प्रश्न असा, की पुंगळीतला फरक लक्ष्यापर्यंत पोहोचतो का? त्याचे उत्तर अंतरावर अवलंबून आहे. समजा, दोन काडतुसांच्या वेगात सेकंदाला दहा फुटांचा फरक पडला. १०० यार्डांना गोळी सेकंदाच्या आठव्या भागाहून कमी वेळ हवेत असते आणि तेवढ्यात साधारण सात सेंटिमीटर खाली येते. वेगातल्या त्या फरकाने ही घसरण अर्ध्या मिलिमीटरने बदलते. तोच फरक १००० यार्डांवर एखाद्या नेहमीच्या ०.३०८ काडतुसात सुमारे दहा सेंटिमीटर उंचीचा होतो. कॅनडाच्या जॉर्ज फार्क्वार्सन यांच्या आद्याक्षरावरून ओळखल्या जाणाऱ्या एफ-क्लास स्पर्धेत या अंतरावरचे सर्वांत आतले वर्तुळ पाच इंचांचे असते. म्हणजे वेगातला एवढा फरक जवळजवळ सगळे वर्तुळ खाऊन टाकतो. म्हणूनच १०० आणि २०० यार्डांचे बेंचरेस्ट नेमबाज, म्हणजे टेबलावर रायफल टेकवून नेम धरणारे, मैदानावरच्याच टेबलाशी, दोन फेऱ्यांच्या मध्ये, दारू तोलत न बसता मापट्याने ओततात आणि तरीही छिद्रावर छिद्र पाडतात. हजार यार्डांचा नेमबाज दारूचे दाणे मोजतो. दोघेही आपापल्या जागी बरोबर आहेत, आणि एकाची रीत दुसऱ्याने डोळे मिटून उचलली तर तो कष्ट तरी वाया घालवतो किंवा गुण तरी. यालाही एक पळवाट आहेच. बारामुळे नळीचे तोंड कंप पावते; ते वर जात असताना गोळी सुटली, तर हळू गोळी जरा उशिरा, म्हणजे जरा उंच कोनातून निघते आणि दूर अंतरावर आपली उणीव भरून काढते. जुन्या ली-एनफिल्ड रायफली जवळच्या अंतरावर सामान्य आणि लांबवर अनपेक्षितपणे चांगल्या, असा जो अनुभव ब्रिटिश नेमबाजांना येई, त्याचे स्पष्टीकरण हेच दिले जाते.

मग हे सगळे कागदावर छिद्रे पाडूनच का सिद्ध करू नये? इथे संख्याशास्त्र आडवे येते. एकाच रायफलीतून, एकाच भरणीचे, काहीही न बदलता पाच-पाच गोळ्यांचे ग्रुप पाडत गेले तर त्यांची मापे सरासरीच्या आजूबाजूला साधारण पाव भागाने हेलकावत राहतात. तीन गोळ्यांचा सरासरी ग्रुप एक मानला, तर त्याच भरणीचा दहा गोळ्यांचा ग्रुप जवळजवळ १.६ भरतो. आता समजा, एखाद्या तयारीने दहा टक्के सुधारणा होते आणि ती आपल्याला नेहमीच्या काटेकोरपणाने सिद्ध करायची आहे. दोन्ही बाजूंना पाच गोळ्यांचे शंभराहून अधिक ग्रुप लागतील, म्हणजे हजारावर गोळ्या. बेंचरेस्टमधले अव्वल स्पर्धक हजार-दीड हजार गोळ्यांच्या आतबाहेर नळीच बदलतात. उत्तर मिळेपर्यंत प्रश्न विचारणारी नळी झिजून गेलेली असते! 'मी छिद्राची कोर काढली आणि ग्रुप अर्ध्यावर आला' असे सांगणारा माणूस खोटे बोलत नसतो. त्याने दोन ग्रुप पाडलेले असतात, इतकेच.

म्हणून या पुस्तकाची भूमिका अशी : फरक कारणाच्या जितक्या जवळ मोजता येईल तितक्या जवळ मोजावा. मानेची पकड गोळी बसवताना लागणाऱ्या जोरात मोजावी, आतली जागा पाण्याने, वेग क्रोनोग्राफने. आणि त्या फरकाचे लक्ष्यावर किती होईल हे वर केले तसे हिशेबाने काढावे. ग्रुप हा शेवटचा साक्षीदार. त्याला पहिल्यांदा बोलावू नये. ही दृष्टी माझी नाही. मॅसॅच्युसेट्सच्या मिलफर्ड गावचे डॉक्टर फ्रँकलिन मान यांनी अनेक वर्षे स्वतःच्या आवारात प्रयोग केले. नेमबाजाचा हात वगळण्यासाठी त्यांनी काँक्रीटच्या भक्कम चौथऱ्यावर उघडी नळी बसवली, वाटेत कागदाचे पडदे टांगले, आणि गोळी उडताना कशी डुलते हे एकेका पडद्यावरच्या छिद्राच्या आकारावरून वाचले. १९०९ साली त्यांनी ते ग्रंथरूपाने छापले. निष्कर्षांपैकी बरेच मागे पडले आहेत, तरी प्रश्न विचारण्याची रीत आजही ताजी आहे. त्याच्या उलट ह्यूस्टनच्या गोदामाची गोष्ट. तिथे वारा नसलेल्या लांबलचक बंदिस्त जागेत व्हर्जिल किंग यांनी १९८०च्या आसपास काढलेल्या विलक्षण ग्रुपांची हकिगत १९९३मध्ये छापून आली, आणि तेव्हापासून नेमबाज ती पोथीसारखी वाचतात. मीही आवडीने वाचतो. पण ती एका निष्णात माणसाच्या आठवणींची हकिगत आहे, प्रयोगवही नव्हे.

पुंगळीचा आकारच बदलून पाहण्याच्या प्रयत्नांत एक नाव टाळता येणार नाही. १९७०च्या दशकाच्या मध्यावर डॉ. लुई पाल्मिसानो आणि यंत्रकारागीर फेरिस पिंडेल या दोघा अमेरिकनांनी आखूड, रुंद पुंगळीचे ६ मिलिमीटर काडतूस तयार केले. दोघांच्या आडनावांवरून ते पीपीसी म्हणून ओळखले जाते, आणि थोड्याच वर्षांत जवळच्या अंतराच्या बेंचरेस्टवर त्याने जवळजवळ मक्ता मिळवला. त्याची मूळ पुंगळी सोव्हिएत रशियातली, म्हणजे ऐन शीतयुद्धात अमेरिकन नेमबाज आपल्या सर्वांत अचूक काडतुसासाठी रशियन वंशाच्या, फिनलंडमध्ये ओढलेल्या पितळेवर विसंबून होते. यश आखूड रुंद आकाराचे, की त्या पितळेच्या एकसारखेपणाचे? मला दुसऱ्याचा वाटा लोक मानतात त्याहून बराच मोठा वाटतो.

मराठीत या विषयावर लिहावे की नाही, असा प्रश्न काही मित्रांनी केला. भारतात १९५९च्या शस्त्र कायद्यानुसार परवान्याशिवाय दारूगोळा तयार करणे हा गुन्हा आहे. परवान्याची रायफल जवळ असली म्हणून घरी काडतुसे भरता येत नाहीत. अमेरिकेत स्वतःच्या वापरापुरती भरायला केंद्र सरकारचा परवाना लागत नाही, आणि तिथे स्थायिक झालेल्या मराठी मंडळींत हा छंद जडलेले लोक आहेत. हे पुस्तक हातात साधने घेऊन वाचायचे आहे ते त्यांनी. इथल्या वाचकासाठी ते एका बारीक कामाचे शास्त्र म्हणून आहे, आणि तो वाचक अगदीच परका नाही. खडकीचा दारूगोळा कारखाना १८६९पासून पुण्याच्या शेजारी आहे. वरणगावच्या कारखान्यात छोट्या शस्त्रांची काडतुसे होतात. त्या कामगारवस्त्यांतल्या घरांना पितळ ओढणे आणि तापवणे म्हणजे काय हे पुस्तकातून शिकायचे नाही.

आणि कोल्हापूर आहेच. तेजस्विनी सावंत यांनी २०१०मध्ये म्युनिकला ५० मीटर प्रोनचे जागतिक विजेतेपद मिळवले, स्वप्नील कुसाळे यांनी २०२४च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर थ्री पोझिशन्सचे कांस्य. ते ज्या ०.२२ काडतुसाने खेळतात त्यात स्फोटक मिश्रण पुंगळीच्या कडेतच भरलेले असते आणि ती कडच चेपून बार होतो. ते पुन्हा भरता येत नाही. तिथे नेमबाज काडतूस घडवत नाही, निवडतो. रायफल पकडीत बसवून एकेका लॉटच्या काडतुसांचे ग्रुप पाडतात आणि जो लॉट त्या नळीला मानवेल तोच घेतात. इंग्लंड-जर्मनीतल्या कारखान्यांनी त्यासाठी खास चाचणी-मैदाने बांधली आहेत. या निवडीतही प्रश्न तोच, किती गोळ्यांनंतर विश्वास ठेवायचा. संख्याशास्त्राचे प्रकरण त्यांच्या प्रशिक्षकांनी स्वतंत्रपणे वाचले तरी चालेल.

या पुस्तकात कुठल्याही काडतुसासाठी दारूचे प्रमाण दिलेले नाही, आणि पुढच्या आवृत्तीतही देणार नाही. ते दारू बनवणाऱ्या कंपन्यांच्या चालू पुस्तिकांतूनच घ्यावे, खालच्या मर्यादेपासून चढत जावे, आणि पुंगळी, प्राइमर किंवा लॉट बदलला की पुन्हा खाली यावे. प्रकरणे क्रमाने वाचलीच पाहिजेत असे नाही. मात्र धातूचे प्रकरण आणि मापनाचे प्रकरण यांच्याआधी साधनांचे प्रकरण उघडू नये अशी विनंती आहे, नाहीतर वाचक दुकानात आधी पोहोचतो.

अनीलिंगच्या प्रकरणाबद्दल एक आगाऊ सूचना. मान दर बारानंतर तापवावी, की तीन-चार बारांनी, की कधीच नाही, यावर जाणकारांत आजही एकमत नाही, आणि तिन्ही मतांचे लोक स्पर्धा जिंकतात. त्या प्रकरणाच्या शेवटी एक साधी मांडणी दिली आहे : एकाच लॉटच्या चाळीस पुंगळ्या, चिठ्ठ्या टाकून दोन गट, एक तापवायचा आणि एक नाही, दहा बारांपर्यंत दर वेळी गोळी बसवण्याचा जोर आणि वेग नोंदवायचा, आणि गोळी झाडणाऱ्याला कुठला गट हातात आहे ते कळू द्यायचे नाही. पुंगळीवर खूण करायची असेल तर ती बुडावर, शाईने करावी, कोरू नये.